आपोआप लागणारं दार

दार आपोआप लावून घेणाऱ्या स्प्रिंगा दोन प्रकारच्या असतात. एक दाराच्या वरच्या अंगाला बसते. तिची पेटी आणि कोपरात वाकलेला दांडा येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतो. दुसरी जमिनीत पुरतात. फरशीत खड्डा घ्यायचा, तेलाने भरलेली लोखंडी पेटी त्यात बसवायची, तिच्या खुंटीवर दाराचं वजन टाकायचं आणि वरून पितळी पट्टी मारायची. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. आपण काय विकत घेतलं हे ज्यांना समजत नाही, ते सहसा दुसरा प्रकार निवडतात. तीन वर्षं मी हा माल विकला आणि बसवला. त्यावरून लिहितो आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती. नागपूरच्या ज्या दैनिकात मी उपसंपादक होतो ते बंद पडलं आणि मी चिखलीला परतलो. थोरल्या भावाचं तिथे लोखंडी सामानाचं दुकान होतं: खिळे, कड्या, बिजागऱ्या, पत्रे. इमारती त्या काळात जोरात निघत होत्या. गावोगावी संस्था स्थापन होत, आणि संस्था स्थापन झाली की वर्षाच्या आत तिला इमारत हवी असे. त्या इमारतीत काय काम करायचं ते सावकाश ठरे. नव्या प्रकारच्या सामानाचं काम भावाने माझ्याकडे दिलं, कारण त्याची माहितीपुस्तकं इंग्रजीत होती आणि घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा होतो.

देऊळगाव राजाच्या रस्त्यावर एक बाजाराचं गाव आहे. तिथल्या शेतकऱ्यांच्या एका संस्थेचे अध्यक्ष दुकानात आले, तेव्हा त्यांच्या इमारतीला छत पडलेलं होतं. अध्यक्ष कपाशीचे मोठे शेतकरी. कुठल्याशा शिष्टमंडळाबरोबर ते मुंबईला गेले होते आणि तिथे त्यांनी एक दार पाहिलं होतं. मुंबईत त्यांनी आणखी काय पाहिलं ते मला कधीच कळलं नाही. दाराची हकिकत मात्र मी त्यांच्या तोंडून चार वेळा ऐकली.

"माणूस आत गेला, अन् दार मांगून लागलं. कोणी लावलं? कोणीच नाही! म्या मांगं पाह्यलं, पुढं पाह्यलं. धागा नाही, दोरा नाही."

मी त्यांना आधी वर बसणारी स्प्रिंग दाखवली. ती स्वस्त होती, दुरुस्तीला सोपी होती आणि त्यांच्या इमारतीला पुरेशी होती.

"हे नको," ते म्हणाले. "याचा हात दिसते. लोकाइले वाटीन, दाराले लकवा मारला."

मग जमिनीत पुरायची पेटी काढली. तिच्यात एक सोय होती, ती मी नियमाप्रमाणे समजावून सांगितली: दार काटकोनापर्यंत पूर्ण उघडलं तर ते तिथेच थांबून राहतं, त्याच्या अलीकडे सोडलं तर आपोआप लागतं.

"थांबाचं कामच नाही. लागलं पाह्यजे. थांबते असं दार तं माह्या गोठ्यालेबी हाये."

गिऱ्हाइकाची इच्छा म्हणून मी तोडगा काढला. दोन्ही पल्ल्यांच्या मागे फरशीत रबराचा एकेक ठोकळा बसवायचा, म्हणजे दार काटकोनापर्यंत जाणारच नाही. जिथे सोडाल तिथून ते परत येईल. अध्यक्षांना ही कल्पना इतकी आवडली की थोड्या वेळाने ती त्यांचीच झाली.

अशी स्प्रिंग दाराच्या वजनावरून निवडतात. वजन विचारलं तर सांगता येईना. गावच्या सुताराने दोन इंच जाडीचे सागवानी पल्ले तयार केले होते आणि त्यांवर अध्यक्षांच्या आज्ञेवरून पितळेची कपाशीची बोंडं ठोकली होती, एकेका पल्ल्यावर बारा. शेवटी पल्ले संस्थेच्याच आवारातल्या धान्याच्या काट्यावर नेले. चार हमालांनी पहिला पल्ला चढवला. मापाड्याने एक म्हणायच्या ठिकाणी रिवाजाप्रमाणे "लाभ" अशी आरोळी दिली, काटा वाचला आणि आकड्यातून पोत्याचं वजन कापून मला सांगितलं.

"दाराला पोतं कुठे आहे?" मी विचारलं.

"रीत हाये, साहेब. तोललं म्हणजे सोडाच लागते."

"सोडता ते कोणाला? सुताराला की संस्थेला?"

त्याने जरा विचार केला. "असं आजलोग कोणी इचारलं नव्हतं," तो म्हणाला, आणि दुसऱ्या पल्ल्यातूनही पोतं कापलं.

मी माझ्या वहीत दोन्ही पोती परत मिळवली. नसती मिळवली तर एक नंबर हलकी पेटी निवडली गेली असती, आणि ते दार अर्ध्यावर येऊन उभं राहिलं असतं. त्या आवारात शेतकऱ्याचा माल किती वर्षं असा तोलला गेला असेल, याचा हिशेब कोणी विचारत नव्हतं. ती संस्था शेतकऱ्यांचीच होती.

पेट्या बसवायला दोन दिवस गेले. पाणसळ लावून खड्ड्याची पातळी पाहायची, पेटी बसवायची, पल्ला उभा करायचा आणि मग पेचकसाने तेलाचा स्क्रू फिरवत वेग जुळवायचा. स्क्रू आवळला की तेल अडतं आणि दार सावकाश येतं. सैल केला की धावतं. पाव फेऱ्याचा फरक पुरतो. दिवाळीनंतरची थंडी होती. सकाळी जुळवलेलं दार दुपारी चुके, दुपारी जुळवलेलं सकाळी. मी कारण शोधत होतो, तेवढ्यात पायरीवर बसलेला शिपाई म्हणाला,

"सकाळी हे दार म्हाताऱ्यावाणी येते, अन् दुपारी वासरावाणी पयते. तेल थिजत असन, साहेब. आमच्या घरी खोबऱ्याचं थिजते तसं."

कारण तेच होतं. त्या दाराविषयी त्या संस्थेत कोणीही केलेलं हे एकमेव अचूक विधान. मी सकाळ आणि दुपार यांच्या मधला वेग धरला आणि पट्टी मारली.

हा शिपाई चाळिशीचा, भाजीपाला करणाऱ्या माळी कुटुंबातला. भावाभावांच्या वाटणीत त्याच्याकडे वांग्यांचं एक छोटं वावर आणि विहिरीच्या पाण्याचा आठवड्यातला एक दिवस आला होता. त्या एका दिवसाच्या पाण्यावर घर चालत नाही, म्हणून उरलेले सहा दिवस तो संस्थेत होता. संस्था भाड्याच्या खोल्यांत होती तेव्हापासून तो दाराशी बसे. आलेल्याला आत नेणं आणि गेल्यावर दार लोटणं हे त्याचं काम. चहापाण्याला दुसरा माणूस होता. चार वर्षं तो टेंपररी होता. नवी इमारत झाली की कायम करू, असं त्याला सांगितलं होतं.

पेट्या बसल्या त्या दुपारी अध्यक्ष संचालकांना घेऊन आले. दार ढकललं, सोडलं. दार आलं आणि आवाज न करता लागलं. सगळे जण हसले. एकाने वाकून पितळी पट्टीला कान लावला.

"पाह्यलं?" अध्यक्ष म्हणाले. "आता दाराशी माणूस बसवाचं कामच नाही. एक शिपाई वाचला."

शिपाई बादली घेऊन चार हातांवर उभा होता. फरशी धुवायला त्यालाच सांगितलं होतं. संचालकांपैकी कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. कोणाला संकोच वाटला म्हणून नव्हे; तो तिथे आहे हे कोणाच्या ध्यानातच नव्हतं.

ते गेल्यावर त्याने मला विचारलं, "साहेब, हे यंत्र कधी बिघडते?"

"तेल गळालं नाही तर वीस वर्षं बिघडत नाही."

"वीस." त्याने बादली खाली ठेवली. "मले महिनाभर हाये मनते. मंग पाहू मनते."

उद्घाटनाला बाहेरून पाहुणे आले. फीत कापली, दार ढकललं, पाहुणे आणि अध्यक्ष आत गेले आणि त्यांच्यामागे दार लागलं. बाहेर शंभरेक माणसं होती, हार घेतलेला संचालक होता, बँडवाले होते. एकही माणूस पुढे झाला नाही. आत पाहुणे हाराची वाट पाहत होते, बाहेर हार दार उघडण्याची वाट पाहत होता. बँडवाले वाजवायचे थांबले. मग शिपायाने पुढे होऊन दार ढकललं आणि पाठीने धरून ठेवलं, तेव्हा समारंभ आत गेला. अध्यक्षांनी भाषणात दाराचा उल्लेख दोनदा केला.

इथे काय झालं ते मला लगेच कळायला हवं होतं. मी त्याच मुलखातला. आमच्याकडे दिवसा दार लावत नाहीत. दिवसा लावलेलं दार दोनच गोष्टी सांगतं: घरातली सगळी शेतात गेली आहेत, किंवा घरात मयत झाली आहे. दोन्ही वेळा परक्याने आत जायचं नसतं. ओट्यावर टेकायचं, कोणी येईल तेव्हा विचारायचं. ही रीत तिथलं लहान मूलही पाळतं. शिष्टमंडळाबरोबर मुंबईला जाऊन आलेल्या माणसाने ती विसरावी आणि इंग्रजी माहितीपुस्तक वाचणाऱ्याने तिचा विचारही करू नये, हे दोघांनाही शोभण्यासारखं होतं.

लोक येत आणि पायऱ्यांवर बसत. कपाशीचे दिवस होते. कोणी दहा कोसांवरून बैलगाडीने आलेला असे. आत कारकून मोकळे बसून होते. हंगामामुळे शेतकरी येत नाहीत, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि तो अहवालात लिहिला. हा अहवाल मी पुढे पाहिला. अक्षर सुंदर होतं.

जो काही कारभार चालला तो शिपायामुळे. तो दार ढकलून उभा राही आणि पायऱ्यांकडे पाहून ओरडे, "अबे या ना आत! साहेब मेले नाही, जित्ते हायेत!" लोक हसत आणि उठत. पाण्याच्या पाळीचा त्याचा एक दिवस यायचा, तेव्हा पायऱ्या भरून जात.

अशाच एका दिवशी अध्यक्ष जीपमधून उतरले. पायऱ्यांवर चाळीसेक माणसं.

"काऊन बसले रे?"

"दार लावेल हाये जी," एक म्हातारा शेतकरी म्हणाला.

"मंग ढकलाचं!"

"तुमच्या घरचं दार आमी ढकलतो का, मालक?"

अध्यक्ष पायऱ्या चढून आत गेले. त्यांनी मला निरोप पाठवला: यंत्रात दोष आहे, ताबडतोब यावं.

मी एसटीने गेलो. शिपाई थांब्यावरच उभा होता. मला घ्यायला त्याला कोणी पाठवलं नव्हतं. त्याने माझी पिशवी घेतली आणि रस्त्याने चालता चालता विचारलं, "साहेब, याच्यावर उपाय हाये?"

"आहे."

"मोठा हाये?"

"मागचे दोन रबरी ठोकळे काढायचे. दहा मिनिटांचं काम. मग दार पूर्ण उघडलं की उघडंच राहील."

"दिवसभर?"

"दिवसभर."

त्याने पिशवी खांद्यावर टाकली. मग म्हणाला, "आजच्या मीटिंगात माहा अर्जबी हाये. तुमी फक्त आजच्या दिवस गप राहा. कंपनीले पत्र लिहितो मना. पाहून सांगतो मना. खोटं बोला, असं मी म्हणून नाही राह्यलो."

"विचारलं तर मला माहीत असलेलं सांगावं लागेल."

"तुमी पेपरात होते ना? तिथंबी असंच करत होते?"

"हो."

"म्हणून बंद पडला असन," तो म्हणाला, आणि माझी पिशवी त्याने माझ्या हातात परत दिली.

मला ते उद्धट वाटलं. आमचं दैनिक पुष्कळ बातम्या दाबत असे. पण त्या मालक दाबत, मी नाही. हा फरक त्या वेळी मला फार महत्त्वाचा वाटे. एका माणसाची चार वर्षांची नोकरी एका बाजूला आणि दोन ठोकळ्यांविषयीचं माझं ज्ञान दुसऱ्या बाजूला, असा हा प्रसंग होता. मी त्याकडे तत्त्वाचा प्रश्न म्हणून पाहिलं. ज्यांची स्वतःची नोकरी पणाला लागलेली नसते, त्यांना असे प्रश्न तत्त्वाचे दिसतात.

सभा दाराच्या आतल्याच दालनात होती. सात संचालक होते. अध्यक्षांनी विचारलं आणि मी सांगितलं, पूर्ण सांगितलं. यंत्रात दोष नाही. पेटीतच दार थांबण्याची सोय आहे. आपल्या इच्छेवरून बसवलेले ठोकळे काढले की दार सकाळी उघडून ठेवता येईल. पेचकस माझ्या पिशवीत आहे.

 भाजीचा व्यापार करणाऱ्या एका संचालकाने विचारलं, "म्हणजे दार दिवसभर उघडंच राहीन?"

"हो."

"मंग ते आपोआप लागन कवा?"

"संध्याकाळी थोडं ओढलं की."

"ओढल्यावर तं माह्या घरचंबी लागते. मंग ह्या स्प्रिंगा काऊन घेतल्या?"

या प्रश्नाचं उत्तर टेबलाच्या टोकाला बसलं होतं, त्यामुळे तिकडे कोणी पाहिलं नाही.

"ठोकळे काढाचे नाही," अध्यक्ष म्हणाले. "यंत्र बसवलं तं चाललं पाह्यजे. उद्या पाहुणे आले अन् दार उघडं दिसलं, तं मनतीन, पंधरा दिवसात बंद पडलं."

मग चर्चा सुरू झाली. दारावर 'ढकला' असं रंगवावं, अशी सूचना आली. अध्यक्ष म्हणाले, लोक म्हणतील हेच संस्थेचं धोरण. दुसरी सूचना पायऱ्या तोडून उतरण करण्याची. म्हणजे कोणाला बसताच येणार नाही. या सूचनेवर बराच वेळ गेला आणि ती जवळजवळ मंजूर झाली. उतरणीवरून शेळ्या थेट आत येतील हे एकाच्या लक्षात आलं, म्हणून ती राहिली. मी दोन वेळा सांगितलं की काम दहा मिनिटांचं आहे. दुसऱ्या वेळी मला चहा देण्यात आला.

शेवटी जो ठराव झाला तो सचिवाने वाचून दाखवला. दारयंत्राचा योग्य उपयोग व्हावा आणि सभासदांची गैरसोय टळावी, यासाठी यंत्राजवळ एक सेवक कायम स्वरूपात नेमण्यात येत आहे. त्या जागी सध्याच्या शिपायाचा अर्ज मान्य करण्यात येत आहे.

"हाच ना," वयाने सगळ्यांत मोठे संचालक म्हणाले, "त्या दिवशी वाचला होता तो?"

"तो इषय वेगळा होता," अध्यक्ष म्हणाले. ठराव एकमताने मंजूर झाला.

माणूस वाचवण्यासाठी घेतलेल्या यंत्रापाशी त्यांनी तोच माणूस कायमचा बसवला, आणि हे करताना आपण काही केलं असं सातांपैकी एकालाही वाटलं नाही. त्याची नोकरी राहिली ती त्यांच्या दयेमुळे नव्हे, माझ्यामुळे तर नव्हेच. माझ्याकडून ती जायला कोणतीही कसर राहिली नव्हती. सात माणसांना दहा मिनिटांचं काम समजलं नाही, म्हणून ती राहिली.

जमिनीतल्या स्प्रिंगेवर फिरणाऱ्या दाराला उंबरठा नसतो. खाली बोटभर फट असते. मी बाहेर आलो तेव्हा शिपाई पायरीवर त्या फटीजवळच बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं, माझं बोलणंही. मी "अभिनंदन" म्हणालो. त्याने मान हलवली. एसटीच्या थांब्यापर्यंत मी एकटाच गेलो.

त्यानंतर तेलाचा स्क्रू जुळवायला मी दर हंगामात तिथे जात असे. उन्हाळ्यात थोडा आवळायचा, हिवाळ्यात थोडा सैल करायचा. शिपायाला स्टूल मिळालं होतं आणि खाकी टोपी. कोणीही पायरी चढलं की तो उठे, दार ढकलून पायाने धरी आणि नात्याने हाक मारी: या माय, या दाजी, या बुवा. त्याच्याइतकं मन लावून काम करणारा माणूस त्या इमारतीत मला दुसरा दिसला नाही.

मी गेलो की तो बसून राही. पहिल्या वेळी वाटलं, लक्ष नसेल. दुसऱ्या वेळी मी त्याच्या समोर थांबलो.

"उठत नाहीस का?"

"तुम्हाले दार समजते ना, साहेब," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

माझ्यामागून एक बाई डोक्यावरची टोपली सावरत चढत होती. तो लगेच उठला, दार ढकललं, "या आक्का, टोपली सांभाळा" म्हणाला. ती आत गेली. मी तिच्यामागे एक पाऊल टाकलं, तेवढ्यात त्याने पाय काढून घेतला आणि स्टुलावर जाऊन बसला. दार माझ्या तोंडासमोर सावकाश, आवाज न करता लागलं.

मी पिशवी डाव्या हातात घेतली आणि ते ढकललं.